अवॉर्ड्स नाइटला नाव एकदाच आलं

ताई,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीचं सोफमोर, म्हणजे हायस्कूलचं दुसरं वर्ष आता संपतंय, सप्टेंबरपासून ती ज्युनिअर, म्हणजे तिसऱ्या वर्षाला. जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेत 'अंडरक्लासमन अवॉर्ड्स नाइट' झाली. नववी-दहावीच्या मुलांनी वर्षभर काय केलं, काय मिळवलं, ते दीड तास वाचून दाखवलं. माझ्या मैत्रिणीचा मुलगा हिच्याच इयत्तेत आहे. तो पाच वेळा स्टेजवर गेला. गणिताच्या स्पर्धेत एएमसी या पहिल्या परीक्षेतून आयमी या पुढच्या परीक्षेपर्यंत पोचला म्हणून, डेका या बिझनेस क्लबच्या राज्य स्पर्धेला गेला म्हणून, टेनिसच्या जेव्ही, म्हणजे दुसऱ्या फळीच्या टीमचा कॅप्टन म्हणून, आणखी कशाकशासाठी. शिवाय त्याने एक नॉनप्रॉफिट काढली आहे. आमच्या मुलीचं नाव एकदा आलं. परफेक्ट अटेंडन्स.

ती काहीच करत नाही असं नाही. फॉलमध्ये क्रॉसकंट्री पळते, पण शेवटून दहावी-बारावी येते. फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षी डिबेटला होती, बहुतेक राउंड हरली, मग सोडलं. स्प्रिंगमध्ये म्युझिकलला असते, तीही स्टेजवर नाही, मागे अंधारात लायटिंगचं काहीतरी. बाकी वेळ आजोबांच्या खोलीत. माझे सासरे गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडेच आहेत. मी दोन वर्षांची एक एक्सेल शीट केली आहे, आमची मुलगी आणि तो मुलगा शेजारीशेजारी. एक कन्सल्टंट म्हणतो, प्रोफाइल 'फ्लॅट' आहे, सप्टेंबरच्या आत तीन क्लब, एक लीडरशिप पोझिशन आणि एक पॅशन प्रोजेक्ट हवा. नवरा म्हणतो, सोड गं. मी काय करू? आणि ते अटेंडन्सचं सर्टिफिकेट फ्रिजवर लावू का? ती नको म्हणते.

एक आई

प्रिय आई,

सुरुवात त्या एक्सेल शीटपासून करते, कारण ते वाक्य तुम्ही दबक्या आवाजात लिहिल्यासारखं वाटलं. ओशाळू नका. मीही केली होती, फक्त चौकटीच्या वहीत, म्हणजे मुलाच्या हाती लागू नये. मी तेव्हा इथल्याच एका पब्लिक हायस्कूलमध्ये गणित शिकवत होते. दिवसभर दुसऱ्यांच्या आईवडिलांना 'जरा दमानं घ्या' सांगायचे आणि रात्री घरी बसून रकाने आखायचे. त्या रकान्यांच्या जोरावर मुलाला सोफमोर वर्षी चार क्लबांत घातलं. इयरबुकसाठी क्लबांचे फोटो निघाले त्या दिवशी तो इमानदारीत चारही फोटोंत उभा राहिला. वर्षअखेरीला इयरबुक घरी आलं. एका फोटोवर बोट ठेवून मी विचारलं, हा कुठला क्लब रे? त्याने बराच वेळ फोटो न्याहाळला आणि म्हणाला, "नावात ग्लोबल आहे."

शीटचं काय करायचं ते पुढे सांगते. आधी एका शब्दाबद्दल बोलू.

तुम्ही 'सोफमोर', 'ज्युनिअर', 'फ्रेशमन' लिहिलंत आणि मध्येच एकदा 'नववी-दहावी' आलं. ते हातातून आपोआप आलं असणार. आपल्या पिढीच्या माणसाला 'दहावी' ही नुसती इयत्ता म्हणून ऐकूच येत नाही. त्या वर्षी घरातल्या टीव्हीवर कापड पडायचं. आलेले पाहुणे हळू बोलायचे. गणपतीच्या मंडपातून आपल्याला आरती झाली की घरी पिटाळायचे, का तर 'तिचं दहावीचं वर्ष आहे'. मार्चमध्ये बोर्ड, मग निकाल, आणि त्या एका आकड्यावर सायन्स की कॉमर्स हे ठरून मोकळं. ती धास्ती अंगात इतकी मुरलेली असते की समुद्र ओलांडला तरी सुटत नाही. मुलगी दहावीत गेली की आईच्या पोटात गोळा येतो, मग शाळा पुण्यात असो की न्यू जर्सीत.

इथल्या दहावीला बोर्ड नसतं. चार वर्षांच्या हायस्कूलचं ते दुसरं वर्ष, इतकंच. माझ्या मते अख्ख्या हायस्कूलमध्ये एखादी गोष्ट वाईट करायची मुभा सगळ्यात जास्त कधी असेल, तर ती फ्रेशमन आणि सोफमोर या दोन वर्षांत. व्यवस्थेनेच ती दिलेली आहे. डिबेटला नवख्यांसाठी वेगळा 'नॉव्हिस' गट असतो, म्हणजे पहिल्या वर्षीच्या पोरांना मुरलेल्या सीनिअरपुढे उभं राहावं लागत नाही. खेळांत व्हर्सिटी, म्हणजे शाळेच्या मुख्य टीमखाली जेव्ही असते आणि काही शाळांत त्याखाली फ्रेशमन टीमही. गणितात एएमसी १० ही परीक्षा दहावी आणि त्याखालच्यांसाठी राखलेली असते. पीएसएटी, म्हणजे कॉलेज-प्रवेशाच्या एसएटी परीक्षेआधीची सराव परीक्षा, सोफमोर वर्षीही देता येते, पण नॅशनल मेरिट स्कॉलरशिपसाठी सहसा ज्युनिअर वर्षीचाच स्कोअर धरतात. कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे बर्कली, यूसीएलए वगैरे, जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी काढताना नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या कोर्सेसचे ग्रेड मोजतं. नववीच्या विषयांत किमान सी ग्रेड लागतो, पण ते ग्रेड त्या आकड्यात येत नाहीत. एवढ्या मोठ्या विद्यापीठाने पोरांना एक वर्ष रुळायला दिलंय, तर आपण काय म्हणून घाई करायची?

आता तुमची खरी भीती. कॉलेजचा अर्ज. तुम्ही तो शब्द पत्रात कुठेच लिहिला नाहीत, पण कन्सल्टंटकडे कुणी हवापालटाला जात नाही.

कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा एकच अर्ज, त्याच्या फॉर्ममध्ये ॲक्टिव्हिटींना १० जागा असतात आणि ऑनर्सना, म्हणजे बक्षिसांना ५. प्रत्येक ॲक्टिव्हिटीच्या वर्णनाला १५० अक्षरं, आणि त्यात मधल्या मोकळ्या जागाही मोजल्या जातात. म्हणजे साधारण दोन ओळी. त्यासोबत विचारतात की हे नववी, दहावी, अकरावी, बारावी यांपैकी कुठल्या वर्षी केलं, आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे. तुमच्या अवॉर्ड्स नाइटचा दीड तास त्या फॉर्ममध्ये जेमतेम एक-दोन ओळींना पुरतो. सगळ्या १० जागा भरल्याच पाहिजेत असं कुणी सांगितलेलं नाही. मी बारावीच्या मुलांचे हे फॉर्म वाचून द्यायचे. चारही वर्षांच्या चौकटींत बरोबरची खूण असलेली एक ओळ बघितली की वाचणारा थबकतो, हे मी स्वतःवरून सांगते. अकरावीत एकदम उगवलेले पाच क्लब दिसले की काय वाटतं, तेही स्वतःवरूनच सांगू शकते.

आणखी एक गोष्ट, जी कन्सल्टंट सहसा सांगत नाही कारण ती विकता येत नाही. कॉलेजांच्या ॲडमिशनवाल्यांची नॅकॅक ही संघटना वर्षानुवर्षं कॉलेजांना विचारत आली आहे की तुम्ही निर्णय कशावर घेता. उत्तरात वरच्या जागा ठरलेल्या असतात: हायस्कूलमधले ग्रेड आणि घेतलेले विषय किती कठीण होते. क्लब, खेळ, स्वयंसेवा हे त्यांच्या खालचं. तेव्हा तुम्हाला काळजीच करायची असेल तर ज्युनिअर वर्षाला ती कुठले विषय घेतेय, त्याची करा. ते वर्ष खरंच जड असतं. एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय, एसएटी, पीएसएटी सगळं त्यातच कोंबलेलं. केमिस्ट्री झाल्यावर फिजिक्स ऑनर्स पातळीचं घ्यायचं की एपी, यावर तिच्या कौन्सेलरशी अर्धा तास बोलणं हे तीन क्लबांपेक्षा जास्त कामाचं आहे.

आता तुमच्या मुलीचं वर्ष बघू. तुम्ही ते चार वाक्यांत निकालात काढलंत, म्हणून मी जरा रेंगाळणार आहे.

क्रॉसकंट्री. तुम्ही लिहिलंत, शेवटून दहावी-बारावी येते. नंबर लिहिलात, वेळ लिहिली नाहीत. हा खेळ आपल्याला नवा, म्हणून सांगते. अंतर ५ किलोमीटर, इथल्या भाषेत ३.१ मैल, आणि तेही गवतातून, चिखलातून, टेकडी चढून. व्हर्सिटीत टीमचे सात जण पळतात. पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज करायची, ज्यांची बेरीज कमी ती टीम जिंकली. सहाव्या-सातव्याचे गुण धरत नाहीत, पण ते दुसऱ्या टीमच्या पाचव्याच्या पुढे निघाले तर त्याचा क्रमांक मागे ढकलतात. म्हणजे ज्याचे गुण मोजलेच जात नाहीत तोही मॅच जिंकून देऊ शकतो. गणिताची बाई म्हणून मला हा हिशेब फार आवडतो. तुमची मुलगी बहुधा अजून त्या सातांत नाही, जेव्हीत पळते. पळणारी पोरं एकमेकांना 'कितवी आलीस' असं क्वचित विचारतात. विचारतात, 'पीआर झाला का?' म्हणजे स्वतःच्या आधीच्या वेळेपेक्षा कमी वेळ लागला का. तिला आज जेवताना विचारा की फ्रेशमन वर्षीच्या पहिल्या रेसला किती मिनिटं लागली होती आणि गेल्या ऑक्टोबरात किती लागली. मला आकडा माहीत नाही, पण ती तो सेकंदासकट सांगेल याची मी पैज लावते. तीन मिनिटं जरी कमी झाली असतील तरी ते तिने पायांनी मिळवलेलं आहे, आणि अवॉर्ड्स नाइटला ते वाचून दाखवायची पद्धत नाही.

डिबेट. 'बहुतेक राउंड हरली, मग सोडलं.' मी अशा स्पर्धांना पालक-जज म्हणून बसलेली आहे. शनिवारी सकाळी सात वाजता अनोळखी शाळेचा कॅफेटेरिया, पोरांनी दोन माप मोठे सूट घातलेले, आणि कॉरिडॉरमध्ये जिकडेतिकडे मुलं भिंतीकडे तोंड करून भिंतीशीच तावातावाने भांडतायत. तो सराव असतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, इथे काहीतरी झालंय. मग त्या चौदा वर्षांच्या पोरीला एका खोलीत उभं करतात. समोर विरोधी बाजूचा मुलगा, मागच्या बाकावर माझ्यासारखी परकी बाई घड्याळ आणि कागद घेऊन, आणि तिने सहा मिनिटं बोलायचं. मग तीन मिनिटं समोरचा तिला प्रश्न विचारणार. हे तुमच्या मुलीने एक अख्खं वर्ष केलं. हरत असताना केलं. मग तिला कळलं की हे आपल्याला आवडत नाही. एवढं कळायला काही जणांची नोकरीची वीस वर्षं जातात. मला जाणून घ्यायचं असेल तर एवढंच, की तिने सोडलं कसं. वर्षाच्या मधेच टीमला तोंडघशी पाडून गायब झाली असेल तर तिच्याशी बोला. वर्ष पूर्ण करून कोचला सांगून थांबली असेल, तर त्याला अर्धवट सोडणं म्हणत नाहीत.

आणि आता ते 'मागे अंधारात लायटिंगचं काहीतरी'. अहो, आपण मराठी माणसं. तिसरी घंटा झाली की प्रकाशयोजना कुणाची हे कान देऊन ऐकणारी जमात आपली. आणि घरातली पोरगी लाइट बोर्डवर बसते तर 'काहीतरी'?

म्युझिकलच्या आधीचा आठवडा, त्याला टेक वीक म्हणतात, त्यात मी दोनदा पालक म्हणून पिझ्झा वाटायला गेले आहे. एकदा बूथमध्ये कोपऱ्यात बसू दिलं, न बोलण्याच्या अटीवर. सगळी क्रू काळ्या कपड्यांत. रंगमंचाच्या फरशीवर रंगीत चिकटपट्टीचे बारीक तुकडे, टेबल इथे, दिव्याचा खांब तिथे, आणि अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या पायऱ्यांच्या कडेला. बोर्डवर बसलेली मुलगी पंधरा-सोळाची असेल. कानाला हेडसेट, पुढे क्यूंची, म्हणजे दिवे बदलायच्या खुणांची यादी, एका हाताचं बोट बटणावर टेकवलेलं पण दाबलेलं नाही. हेडसेटमध्ये स्टेज मॅनेजर म्हणाली, "स्टँडबाय लाइट्स सत्तेचाळीस." ही म्हणाली, "लाइट्स." मग सगळे गप्प. स्टेजवर गाण्याचा शेवटचा सूर लांबत चालला, लांबत चालला, मला वाटलं आता दाबेल, आता दाबेल. तिने श्वास धरलेला. "लाइट्स सत्तेचाळीस, गो." बोट खाली गेलं आणि अख्खं स्टेज निळं झालं. हेडसेटवर 'गो' हा शब्द एरवी कुणी उच्चारायचा नाही असा दंडक असतो, कारण तो ऐकला की बोट दाबलं जातं. 'मी जाते' म्हणायचं असेल तरी दुसरा शब्द शोधतात. अशा शंभराच्या वर क्यू. एक चुकला तर आठशे लोकांना दिसतो. सगळे बरोबर गेले तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

हे काम नीट करणाऱ्या माणसाचं नाव अवॉर्ड्स नाइटला यावं, ही अपेक्षाच जरा उलटी आहे. ते काम निवडणाऱ्या मुलीला कदाचित नाव पुकारलं जाण्याची तुमच्याइतकी ओढ नसेल. हा दोष नव्हे, स्वभाव आहे. कन्सल्टंट ज्याला 'फ्लॅट' म्हणतो ते बहुधा हेच. दोन वर्षं ती सलग एकाच ठिकाणी टिकली आहे. पुढच्या वर्षी नवी फ्रेशमन पोरं येतील, त्यांना बोर्ड कुणीतरी शिकवायला लागेल. लीडरशिप म्हणतात ती तिथे आयतीच येते, पद असो नसो.

राहिले आजोबा. हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंत, म्हणून मला नीटसं कळलं नाही की ती त्यांच्या खोलीत करते काय. नुसत्या गप्पा असतील तर छानच. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दिवसातून दोन-तीनदा व्यायाम करून घ्यावे लागतात, गोळ्यांच्या वेळा असतात, थेरपिस्ट इंग्रजीत बोलतो. यातलं काही ती करत असेल, तर कॉमन ॲपच्या यादीत त्यासाठी प्रकारच आहे, 'फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटीज' नावाचा. जानेवारी २०१६ मध्ये हार्वर्डच्या शिक्षण विभागाने एक अहवाल काढला होता, देशभरातल्या ॲडमिशन अधिकाऱ्यांच्या पाठिंब्याने. त्याचा रोख हाच होता की लांबच लांब याद्या नकोत, आणि मुलं घरासाठी जे करतात तेही मोजा. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं. पण कृपा करून आज संध्याकाळी त्या खोलीच्या दारात उभं राहून 'अगं, याचे तास लिहून ठेव' म्हणू नका. नातीने आजोबांपाशी बसणं एकदा फॉर्मसाठी व्हायला लागलं की आजोबांना ते सगळ्यांच्या आधी कळेल. बारावीच्या ऑगस्टमध्ये ती फॉर्म भरायला बसेल तेव्हा सांगा, तेवढं पुरे.

मैत्रिणीच्या मुलाबद्दल दोन शब्द. त्याला नावं ठेवायचा मोह आवरा. मलाही झाला, त्या नॉनप्रॉफिटपाशी. पंधरा वर्षांच्या संस्थापकांची एवढी गर्दी झाली आहे की सभासद मिळेनासे झालेत. पण आयमीला पोचणं ही खरी गोष्ट आहे. तीन तासांत १५ गणितं, पर्याय नाहीत, आणि उत्तर ० ते ९९९ मधला कुठलाही पूर्णांक. अंदाजपंचे काही जमत नाही. त्याचं कौतुक मोकळेपणाने करा, मुलीसमोरही करा. मुलांना तुलना बोचते, दुसऱ्याचं कौतुक सहसा बोचत नाही. दोन्हींतला फरक त्यांना आपल्या आवाजावरून बरोबर कळतो.

म्हणून आता ती शीट. मैत्रिणीच्या मुलाचा रकाना काढून टाका. आजच. मग मुलीच्या रकान्याला शेजार द्यायचा तर दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरमधल्या तिचाच द्या. तेव्हा काय येत नव्हतं आणि आता काय येतं. हे तुम्ही भरू नका, तिला भरू द्या, आणि तिला कंटाळा आला तर सोडून द्या. जमलं तर एक साधा कागद मात्र तिने स्वतःकडे ठेवावा: काय केलं, कधीपासून, साधारण किती तास. बारावीत आठवताना पोरांची फार तारांबळ उडते, नववीतलं काहीच डोक्यात राहत नाही. वर्षातून एकदा, जूनमध्ये, दहा मिनिटं. हा सल्ला भावनेपोटी नाही, निव्वळ व्यवहाराचा आहे.

कन्सल्टंटला पैसे द्यायचे की नाही हा तुमचा प्रश्न. सोफमोरच्या उन्हाळ्यात मी तरी दिले नसते. 'पॅशन प्रोजेक्ट' सप्टेंबरच्या आत हवा, या वाक्यातच गोम आहे. आवड तारीख देऊन येत नाही. आणि एक सावधगिरी: या वयाच्या मुलांच्या नावाने जाड कागदावर, सोनेरी शिक्क्याची पत्रं येतात. तुमच्या मुलीची अमुक लीडरशिप परिषदेसाठी 'निवड' झाली आहे, आठवडाभर वॉशिंग्टनला राहायचं, शुल्क काही हजार डॉलर. पोरीला वॉशिंग्टन बघायचं असेल तर स्वतः घेऊन जा, स्मिथसोनियनची म्युझियमं फुकट आहेत. त्या पत्राचा ॲडमिशनला उपयोग होईल म्हणून पाठवू नका. बहुतेक ठिकाणी निवडीचा निकष तुमचा चेक वटतो का, एवढाच असतो.

सुट्टीत काय करावं, तर तिला विचारा. गावातल्या कम्युनिटी थिएटरला उन्हाळ्यात लाइट्सवर हात हवे असतात. आइस्क्रीमच्या दुकानात नोकरी केली तरी उत्तम, गिऱ्हाईक अंगावर आलं की जे शिकायला मिळतं ते कुठल्या कॅम्पात नाही. सोळा पूर्ण झाली असेल तर न्यू जर्सीत ड्रायव्हिंग स्कूलचे सहा तास करून लर्नर परमिटवर गाडी शिकता येते, आणि सोळाव्या वर्षी पोरांच्या लेखी याहून मोठी कामगिरी नसते. आणि तिला झोपू द्या. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्येच म्हटलं होतं की मिडल आणि हायस्कूलं सकाळी साडेआठच्या आधी भरवू नका. बऱ्याच शाळा अजून भरवतातच. तर दहा महिन्यांची थकबाकी आहे, जून-जुलैत फेडू द्या.

एकच गोष्ट तपासा. आजोबांच्या खोलीत बसते ते आवडीने की बाहेरच्या जगापासून लपायला? मैत्रिणी आहेत का, जेवते का, पळायला जाताना कुरकुरते पण जाते, की जायचंच टाळते? उत्तरं ठीक असली तर नवऱ्याचं ऐका. नसली तर क्लबांचा विषय बाजूला ठेवा आणि आधी तिच्या डॉक्टरांशी बोला.

सर्टिफिकेट. ती नको म्हणते ना, मग नको. तिचा फोटो, तिचं नाव, तिचा फ्रिज. शाळेचे १८० दिवस रोज वेळेवर उठून जाणं ही काही किरकोळ गोष्ट नाही, ड्रॉवरमध्ये जपून ठेवा. पुढच्या वर्षी मात्र ताप असताना केवळ ते टिकवायला पाठवू नका, बाकीच्या वर्गावर उपकार होतील. फ्रिजवर जागा रिकामी वाटत असेल तर तिच्याकडे म्युझिकलची प्रोग्रॅम-पुस्तिका मागा. मागच्या पानांत कुठेतरी, बारीक टायपात, क्रूच्या यादीत सापडेल. तीही लावण्याआधी विचारा.